पुन्हा येणारा माणूस

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात चर्नी रोडच्या बागेत संध्याकाळी एक शाळकरी मुलगा पुस्तक घेऊन एकटाच बसलेला दिसे. कृष्णाजी अर्जुन केळुसकर विल्सन हायस्कुलात शिक्षक होते आणि तेही वाचायला त्याच बागेत येत. बाकीची पोरे खेळताहेत आणि हा मात्र वाचतोय, हे पाहून त्यांनी मुलाची चौकशी केली. नाव भीमराव आंबेडकर, शाळा एल्फिन्स्टन हायस्कूल, राहायला परळच्या चाळीत. त्या दिवसापासून केळुसकर त्याच्यासाठी पुस्तके आणू लागले, काय वाचावे ते सांगू लागले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाला, तेव्हा सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली त्याचा सत्कार झाला. त्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्याच्या हाती ठेवले. इंटरनंतर पैशांवाचून शिक्षण अडले, तेव्हा सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकणारेही केळुसकरच. दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि पदवीची वाट मोकळी झाली.

बाबासाहेब घडले ते स्वतःच्या प्रज्ञेने आणि वडील रामजींनी घेतलेल्या कष्टांनी. त्याचे श्रेय केळुसकरांना देण्याचा माझा हेतू नाही, खुद्द केळुसकरांनाही ते रुचले नसते. मला त्यांची आठवण येते ती त्यांनी केलेल्या गोष्टी किती साध्या होत्या यासाठी. त्यांनी मुलाकडे पाहिले, त्याला नाव विचारले, दुसऱ्या दिवशी आणि पुढची अनेक वर्षे ती ओळख टिकवली, आणि ज्या दारापर्यंत त्या मुलाचा हात पोचत नव्हता ते दार त्याच्यासाठी ठोठावले. यातली पहिली दोन कामे आजही पुष्कळजण करतात. तिसरे फार थोड्यांकडून होते, आणि तिसरे झाले नाही तर चौथ्याची वेळच येत नाही.

पुढची पाने अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांत अडचणीत वाढणाऱ्या मुलांसोबत स्वयंसेवक म्हणून बसणाऱ्यांसाठी आहेत. संस्थांच्या कागदांवर या माणसाला मेंटॉर म्हणतात. वस्तीत तो दादा असतो, ती ताई असते, हिंदी-उर्दू बोलणाऱ्या घरांत भैया आणि दीदी. काम एकच आहे. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी एका मुलाला भेटायचे, आणि हे निदान वर्षभर चालू ठेवायचे. त्यात अभ्यास येतो, गप्पा येतात, कधी नुसते शेजारी बसणे येते. ऐकायला हे सोपे वाटते. ते सोपे का नाही, आणि तरीही का करावे, एवढेच मला या प्रस्तावनेत सांगायचे आहे.

८ जून २०१४ला घाटकोपर-वर्सोवा मेट्रो सुरू झाली आणि पूर्व-पश्चिम उपनगरांतला जो प्रवास बसने दीड-दोन तास खायचा तो अर्ध्या तासाच्या आत आला. जागृतीनगर आणि असल्फा ही स्थानके येतात तेव्हा खिडकीतून डोंगर दिसतो, पायथ्यापासून माथ्यापर्यंत घरांनी भरलेला. ऑफिसला जाणारी हजारो माणसे रोज ती घरे पाहतात. पश्चिमेकडे गिल्बर्ट हिलच्या पायथ्याशी, मरोळ-साकीनाक्याच्या गल्ल्यांत, बोरिवलीच्या पुढे खाडीकाठच्या गणपत पाटील नगरात, राष्ट्रीय उद्यानातल्या आदिवासी पाड्यांवर, मुलुंडच्या डोंगरउतारावर हनुमानपाडा आणि रामगडला अशीच वस्ती आहे. घाटकोपरच्या चिरागनगरात अण्णाभाऊ साठे झोपडीत राहिले. शाळेत जेमतेम दीड दिवस गेलेला हा माणूस मुंबईत आल्यावर दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरे वाचत, कामगार चळवळीतल्या साथींच्या संगतीत अक्षर शिकला आणि पुढे त्याने ‘फकिरा’ लिहिली. चिरागनगरातली आजची मुले दीड दिवसाहून कितीतरी जास्त शाळेत जातात. महापालिकेची शाळा आहे, वह्या-पुस्तके, गणवेश, दप्तर मोफत आहे, दुपारची खिचडी आहे. मग अडते कुठे?

अडते ते सातत्यात. या मुलांच्या आयुष्यात माणसे आणि ठिकाणे एकसारखी बदलत राहतात. जुलै २०००मध्ये घाटकोपरच्या आझादनगरात दरड कोसळली आणि कित्येक घरे माणसांसह गाडली गेली. डोंगरउतारावरच्या पोरांना त्यानंतरही दर पावसाळ्यात रात्री दचकून उठायची सवय आहे. राष्ट्रीय उद्यानातल्या झोपड्या हटवण्याचा आदेश उच्च न्यायालयाने १९९७ साली दिला. उठवल्या गेलेल्या हजारो कुटुंबांना पुढे चांदिवलीच्या संघर्षनगरात घरे मिळाली, पण मधली वर्षे कोणाची कुठे गेली याचा हिशेब कोणत्याच शाळेच्या पटावर नाही. तानसा जलवाहिनीलगतची घरे पाडली तेव्हा विद्याविहार-घाटकोपरची कुटुंबे माहुलला नेली. माहुलला तेलशुद्धीकरण कारखाने आहेत, हवा घुसमटवणारी आहे आणि जुनी शाळा तिथून फार लांब. डिसेंबर २०१५मध्ये कांदिवलीचे दामूनगर जळले, मार्च २०२३मध्ये मालाडचा आप्पापाडा जळला. दुसरी आग लागली तेव्हा दहावीची परीक्षा चालू होती. पुस्तके तर गेलीच, पण जन्मदाखला, जातीचा दाखला, रेशनकार्डही गेले. नवे पुस्तक दुसऱ्या दिवशी आणता येते. दाखल्याला महिने लागतात.

या मोठ्या आपत्ती वर्तमानपत्रात येतात. ज्या येत नाहीत त्या रोजच्या असतात. पाणी पहाटे येते म्हणून साडेचारला उठायचे. आई टॉवरमध्ये तीन घरची कामे करते, म्हणून धाकट्याला बालवाडीत सोडायचे. बाप नाक्यावर उभा राहतो, काम मिळाले तर मिळाले. दहा बाय बाराची खोली, त्यात सहा माणसे आणि एक टीव्ही. अभ्यासाला जागा म्हणजे पोटमाळा, मे महिन्यात तिथे पत्र्याखाली डोके भाजते. बाप दारू पिऊन आला तर त्या रात्री पोटमाळाही नाही. काही मुलांना आई-बापच नसतात, काहींचे असूनही घरी राहणे शक्य नसते, आणि बाल कल्याण समितीच्या आदेशाने ती बालगृहात येतात. रेल्वे स्थानकांवर सापडणाऱ्या मुलांसाठी १९६२ साली अंधेरीत स्नेहसदन सुरू झाले. मोठ्या वसतिगृहाऐवजी छोटी छोटी घरे आणि प्रत्येक घरात सांभाळणारी माणसे, ही त्यांची पद्धत. मुलाला आधी एक ठरलेला चेहरा लागतो हे त्या लोकांनी साठ वर्षांपूर्वी ओळखले होते. १९९६मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा उपक्रम म्हणून याच मुंबईत १०९८ची चाईल्डलाईन सुरू झाली. संकटात सापडलेल्या मुलाने फोन केला की पलीकडे कोणीतरी असले पाहिजे, हा तिचा पाया. पण फोन उचलणारा माणूस पुढची पाच वर्षे त्या मुलाच्या सोबत राहू शकत नाही. तो त्याचा धर्मच नव्हे. ती जागा रिकामी राहते, आणि मेंटॉरची गरज तिथे आहे.

या कामाचा गंभीर अभ्यास जगात झालेला आहे, आणि त्यातून निघालेली गोष्ट आपल्या वस्त्यांना तंतोतंत लागू पडते म्हणून थोडे सविस्तर सांगतो. हवाई बेटांतल्या कौआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही दशके घेतला. गरिबी, भांडणे, आजारी किंवा व्यसनी पालक अशी अनेक ओझी एकदम वाहणारी मुले त्यात होती. त्यातली साधारण एक तृतीयांश मुले सगळ्या अंदाजांना चुकवून धडपणे मोठी झाली. त्यांच्यात काही गोष्टी सारख्या आढळल्या, त्यातली ठळक अशी की लहानपणापासून निदान एका मोठ्या माणसाशी त्यांचे पक्के नाते होते. आई-बापच असे नाही. आजी असेल, शेजारीण असेल, शिक्षक असेल.

न्यूयॉर्कच्या बालन्यायालयातले कारकून अर्नेस्ट कोल्टर यांनी १९०४ साली लोकांना आवाहन केले की न्यायालयात येणाऱ्या एकेका मुलाचे मोठे भाऊ व्हा. त्यातून पुढे ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ ही चळवळ उभी राहिली. १९९५ साली तिच्या आठ शाखांतल्या ९५९ मुलांचा दीड वर्षाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मेंटॉर मिळालेल्या मुलांचे शाळा बुडवणे आणि नशेला हात लावणे, मेंटॉर न मिळालेल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी झाले होते. इथपर्यंतचा भाग संस्था आपल्या पत्रकांत आवर्जून छापतात. पण याच मुलांची माहिती जीन ग्रॉसमन आणि जीन रोड्स यांनी पुन्हा तपासली आणि २००२ साली मांडली. ज्यांची साथ वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकली त्यांना सर्वाधिक फायदा झाला. ज्यांची तीन महिन्यांच्या आत तुटली, त्यांचा स्वतःबद्दलचा विश्वास आधी होता त्याहूनही खाली गेला. म्हणजे कोणी आलेच नसते तर बरे झाले असते.

याहून कठोर पुरावा जुना आहे. अमेरिकेत बोस्टनजवळच्या केंब्रिज आणि सॉमरविल या गावांत १९३९ साली ५०६ मुलांच्या जोड्या लावून अर्ध्यांना सल्लागार, शिकवणी, औषधपाणी, उन्हाळी शिबिरे असे सगळे दिले गेले. उरलेल्या अर्ध्यांना काही दिले नाही. १९४५ला प्रकल्प संपला. तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड यांनी ती मुले, म्हणजे आता मध्यमवयीन झालेले पुरुष, शोधून काढली. मदत मिळालेल्यांपैकी पुष्कळांनी या कार्यक्रमाची आठवण प्रेमाने काढली. पण मोजमापात मदत मिळालेला गट न मिळालेल्या गटापेक्षा वाईट निघाला. गुन्हे, दारू, आजार, अकाली मृत्यू यांत फरक उलट्या बाजूने होता. कारणांवर आजही वाद आहेत. कोणी बिघडलेली मुले शिबिरात एकत्र ठेवल्याचे कारण देतो, कोणी अपेक्षा वाढवून मग सोडून देण्याचे. मला यातून एक गोष्ट कायमची लक्षात ठेवावीशी वाटते. मुलाला आवडणे आणि मुलाला उपयोग होणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या मनाचा चांगुलपणा दोन्हींपैकी कशाचीच हमी देत नाही.

आपल्याकडेही असा अभ्यास झाला आहे आणि तो मुंबईतच. ‘प्रथम’ ही संस्था १९९०च्या दशकाच्या मध्यात इथल्या वस्त्यांत बालवाड्यांपासून सुरू झाली. तिच्या बालसखी उपक्रमात वस्तीतलीच, थोडीफार शिकलेली एक तरुण मुलगी महापालिकेच्या शाळेतल्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वेगळे घेऊन बसे आणि त्यांना अक्षर-अंकांची ओळख पक्की करून देई. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई आणि बडोद्यात तिचा परिणाम मोजला आणि २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुले चांगली पुढे सरकली, आणि सर्वांत मागे असलेली सर्वांत जास्त. उपक्रम थांबून वर्ष झाल्यावर पुन्हा मोजले, तेव्हा मिळवलेल्यातले बरेचसे ओसरले होते, थोडे शिल्लक होते.

या निष्कर्षाकडे मी दोन कारणांसाठी पुन्हा पुन्हा वळतो. पहिले, टिकणे महत्त्वाचे हे त्यातून पुन्हा कळते. दुसरे जास्त महत्त्वाचे वाटते. ती बालसखी बाहेरून आलेली नव्हती. त्याच गल्लीत राहणारी, त्याच नळावर पाणी भरणारी, मुलाच्या आईला ओळखणारी मुलगी होती ती. चांगला मेंटॉर म्हणजे इंग्रजी बोलणारा, मोठ्या पगाराचा, टॉवरमधला माणूस, अशी समजूत उपनगरांत घट्ट आहे आणि ती मोडली पाहिजे. रामगडच्याच आयटीआय झालेल्या मुलाने रामगडच्या आठवीतल्या मुलाला दर शनिवारी तासभर दिला, तर त्याचे मोल बाहेरून येणाऱ्या कोणाही पाहुण्याहून जास्त आहे. कारण तो मुलगा पुढच्या शनिवारीही तिथेच असणार. आणि आठवीतल्या मुलाला आपण काय होऊ शकतो हे समोर दिसणार.

बाहेरून येणाऱ्यांनी येऊच नये असे मी म्हणत नाही. त्यांची गरज आहे आणि ती वेगळ्या कारणासाठी आहे, तिकडे येतोच. पण त्यांनी काही गोष्टी मनाशी धरून यावे. कॉलेजातली मुले राष्ट्रीय सेवा योजनेचे वर्षाचे १२० तास भरायला वस्तीत येतात. त्यांच्यात उत्साह असतो, माया असते, आणि मार्चमध्ये तास भरले की परीक्षा असते. कंपन्यांचे कर्मचारी एका शनिवारी टी-शर्ट घालून येतात, चित्रे काढून घेतात, खाऊ देतात, गळ्यात हात टाकून फोटो काढतात. मुले त्या दिवशी खूश असतात. पुढच्या शनिवारी ती त्याच वेळेला दारात येऊन उभी राहतात आणि “ते दादा कधी येणार?” असे आमच्यातल्याच कोणाला तरी विचारतात. अशा एक दिवसाच्या पाहुण्यांनी भिंत रंगवावी, वाचनालयाला कपाट द्यावे, शाळेचा नळ दुरुस्त करावा. ती खरी मदत आहे आणि तिच्याबद्दल वस्ती मनापासून कृतज्ञ राहील. मुलाशी दोस्ती मात्र करू नये. जे नाते आपण टिकवणार नाही ते सुरू करण्याचा हक्क आपल्याला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

टिकवायचे तर व्यवहार आधी बघावा. मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक रविवारी असतो, म्हणून मुलुंड-घाटकोपरकडे येणाऱ्याने शनिवार धरावा. दोन तास कबूल करून अर्धा तास बसण्यापेक्षा एकच तास कबूल करावा. जुलैत गाड्या बंद पडतील तेव्हा मुलाला निरोप कसा पोचेल हे पहिल्याच आठवड्यात ठरवावे, कारण घरातला एकमेव मोबाईल बहुतेकदा बापाच्या खिशात असतो. भेट मुलाच्या घरात नको आणि आपल्या घरात तर नकोच. महापालिकेच्या शाळेचा वर्ग, अभ्यासिका, समाजमंदिर, जिथे चार माणसांचा वावर आहे अशी उघडी जागा हवी. संस्था पोलीस पडताळणी मागेल, दोन ओळखीच्यांची नावे मागेल. त्यात अपमान मानू नये. जी संस्था हे मागत नाही तिच्याकडे जाऊ नये.

आणि आईला आधी भेटावे. पुष्कळदा ती ज्या सोसायटीत भांडी घासायला जाते त्याच सोसायटीतली ताई तिच्या मुलीची मेंटॉर होऊन येते. दोघींनाही ते अवघड जाते. त्या आईला वहिनी म्हणा, काकू म्हणा, पण अहो-जाहोच करा, आणि मुलीसमोर करा. तिने पाच इयत्ता शिकून, घरभाडे भरून, मुलीला नववीपर्यंत आणलेले असते. मेंटॉर तिच्या जागी येत नाही, तिच्या बाजूला उभा राहतो. हे तिला बोलून सांगायची गरज नसते, पहिल्या दोन-तीन भेटींत तुमच्या वागण्यातून ते तिला दिसते किंवा दिसत नाही.

आता केळुसकरांच्या चौथ्या कामाकडे, दार ठोठावण्याकडे येतो. बाहेरच्या मेंटॉरची खरी गरज इथे आहे, आणि नवे स्वयंसेवक सर्वांत कमी तयारीने येतात तेही इथेच. गणित शिकवायला सगळे तयार असतात. पण दहावी पास झालेल्या मुलाची गाडी गणितावर क्वचित अडते. ती कागदावर अडते. अकरावीचा ऑनलाइन अर्ज, त्यातला पसंतीक्रम, त्याच्या फेऱ्या. उत्पन्नाचा दाखला, रहिवास दाखला, जातीचा दाखला. पुढे इंजिनिअरिंग किंवा फार्मसीला राखीव जागेवर जायचे तर जात पडताळणीचे प्रमाणपत्र, ज्याला वेळ लागतो आणि जे शेवटच्या महिन्यात मिळत नाही. महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज, त्याला जोडलेले बँक खाते, त्या खात्याला जोडलेला आधार. मुंबई उपनगर जिल्ह्यात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला असे तीन तालुके आहेत. मुलुंड आणि घाटकोपर कुर्ला तालुक्यात येतात, हे मुलुंडच्या मुलाला कोणी सांगितलेले नसते. कोकणातून किंवा मराठवाड्यातून आलेल्या कुटुंबाचा जुना पुरावा गावच्या शाळेच्या दाखल्यात असतो, तो आणायला आईला रजा काढून गावी जावे लागते आणि रजेचे पैसे कापले जातात. सुशिक्षित घरात ही सगळी माहिती जेवताना ताटावर मिळते. या घरात ती सांगणारे कोणी नसते, म्हणून चांगले गुण मिळवलेली मुलगी जवळ दिसेल त्या कॉलेजात, मिळेल त्या शाखेत, पूर्ण फी भरून जाते आणि डिसेंबरात सोडते.

म्हणून मुलाबरोबर रांगेत उभे राहणे हे मेंटॉरचे मुख्य काम मी मानतो. त्याच्यासाठी उभे राहायचे नाही, त्याच्याबरोबर राहायचे. अर्ज त्याने भरायचा, खिडकीवर त्याने बोलायचे, आपण शेजारी थांबायचे. तिसऱ्या वेळेला तो एकटा जातो. त्याच्या सगळ्या कागदांची एक फाईल करावी, आणि आप्पापाड्यासारखी वेळ कोणावरही येऊ शकते म्हणून प्रत्येक कागदाची प्रत डिजिलॉकरमध्ये आणि संस्थेकडे ठेवावी.

दार ठोठावण्याची रीत आपल्याकडे रुजलेली आहे. मुलुंडचा चेकनाका ओलांडला की ठाणे लागते. तिथली समता विचार प्रसारक संस्था १९९२पासून झोपडपट्टीतल्या, कष्ट करत दहावी झालेल्या मुलांचा एकलव्य म्हणून गौरव करते. नव्वद टक्क्यांच्या जाहिरातींनी भरलेल्या जून महिन्यात पंचावन्न टक्क्यांना व्यासपीठावर बोलावणे ही फार मोठी गोष्ट आहे. रत्नाकर मतकरींनी याच मुलांसाठी वंचितांचा रंगमंच उभारला आणि आयुष्याची अखेरची वर्षे त्यासाठी दिली. वस्तीतली मुले स्वतःची नाटके लिहून स्वतः करू लागली. ठाण्याचेच विद्यादान सहायक मंडळ होतकरू मुलांच्या उच्च शिक्षणाचा खर्च उचलते, आणि पैशांबरोबर एक कार्यकर्ताही त्या मुलामागे पालकासारखा उभा करते. चेक देऊन हात झटकता येत नाहीत, हे त्यांनी आपल्या रचनेतच बांधून घेतले आहे. मुंबईच्या रात्रशाळांतून शिकलेल्या पिढ्यांनाही ही गोष्ट ठाऊक आहे. तिथल्या शिक्षकांनी दिवसभर हमाली करून आलेल्या, बाकावर झोपी जाणाऱ्या मुलाला कितीदा तसेच झोपू दिले असेल आणि नंतर एकट्याला धडा समजावला असेल. नारायण सुर्वे याच शहराच्या रस्त्यावर सापडलेले तान्हे मूल होते. एका गिरणी कामगाराने त्यांना घरी नेऊन स्वतःचे नाव दिले. पुढे ते महापालिकेच्या शाळेत शिपाई झाले आणि मग शिक्षक.

काही गोष्टींत मात्र मेंटॉरला स्वतःच्या मनाप्रमाणे वागण्याची मुभा नाही, त्या इथेच सांगून टाकतो. विश्वास बसला की मूल बोलू लागते, आणि कधी कधी जे सांगते ते ऐकून आपली झोप उडते. “ताई, कोणाला सांगू नका” असे आधी वचन मागते. ते वचन देऊ नये. “तुला त्रास होत असेल तर मला मदत आणावी लागेल, पण तुला न सांगता मी काही करणार नाही,” एवढेच म्हणावे. लैंगिक अत्याचाराची माहिती कळल्यावर ती पोलिसांना देणे २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ने प्रत्येकावर बंधनकारक केले आहे. घरातल्या घरात मिटवू, वस्तीची बदनामी नको, मुलीचे लग्न व्हायचे आहे, असे सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यात कधी मुलीची आईही असेल आणि तिची भीती खरी असेल. तरीही मागे हटायचे नाही. संस्थेच्या प्रमुखाला त्याच दिवशी सांगावे, १०९८ला फोन करावा, आणि मुलीला पुन्हा पुन्हा तीच हकिगत सांगायला लावू नये. दुसरी गोष्ट फोटोंची. बालगृहातल्या किंवा कायद्याच्या कक्षेत आलेल्या मुलाची ओळख उघड करणे २०१५च्या बालन्याय कायद्याच्या कलम ७४ने गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या मुलाचे दुःख तुमच्या व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर गेले त्याने तुमच्याशी पुन्हा मोकळे का बोलावे?

पैशांचा प्रश्न हमखास येतो. बूट फाटलेले दिसतात, फी थकलेली कळते, आणि खिशात हात जातो. मेंटॉरने थेट पैसे देऊ नयेत असे माझे मत आहे. दिले की नाते बदलते, दुसऱ्या मुलांना कळते, बापाला कळते. संस्थेमार्फत द्यावेत, कोणी दिले ते मुलाला कळू न देता. त्याहून चांगले म्हणजे जे सरकारकडून मिळायला हवे ते मिळवून द्यावे. आई किंवा वडील गेलेल्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, आणि तिच्यात बसणारी कितीतरी घरे अर्जच करत नाहीत.

निरोपाबद्दल संस्था सर्वांत कमी बोलतात. बदली होते, लग्न होते, नोकरी पुण्याला जाते, आजारपण येते. ही आयुष्ये आहेत, त्यांत कोणाचा दोष नाही. दोष आहे तो न सांगता नाहीसे होण्यात. जायचे ठरले की निदान दोन महिने आधी मुलाला सांगावे, कारण सांगावे आणि ते खरे असावे. “मी येत राहीन” असे म्हणू नये. महिन्यातून एक फोन जमणार असेल तर एक फोन म्हणावे आणि तो करावा. नवी ताई किंवा नवा दादा येणार असेल तर दोन-तीन शनिवार तिघांनी मिळून बसावे, म्हणजे मुलाला एकाच वेळी एक माणूस गमावून दुसरा स्वीकारावा लागत नाही. मूल रागावेल, दोन भेटी चुकवेल, भांडेल. त्याला आधी सोडून गेलेल्या सगळ्यांचा राग तुमच्यावर निघेल, तो काढू द्यावा आणि तिसऱ्या शनिवारी पुन्हा जावे.

बालगृहातल्या मुलांच्या बाबतीत हा निरोप कायदाच ठरवतो. अठरा पूर्ण झाले की संस्था सुटते. २१व्या वर्षापर्यंत मदत देता येईल अशी तरतूद आहे, पण ती मिळवायला कोणीतरी पाठीशी लागते. खोली भाड्याने घेताना घरमालक विचारतो, तुझे कोण? पहिल्या पगाराचे काय करायचे, ताप आला तर कुठल्या डॉक्टरकडे जायचे, दिवाळीत कुठे जायचे, हे प्रश्न त्या वर्षी एकदम समोर येतात. या मुलांचा मेंटॉर होणाऱ्याने वर्षाचा विचार न करता निदान चार वर्षांचा करावा, आणि सुरुवात सोळाव्या वर्षी करावी, म्हणजे अठराव्या वाढदिवशी ओळख नवी नसेल.

वस्तीतल्या मुलांसाठी माझी सूचना वेगळी आहे. संस्था बहुधा दहावीच्या मुलासाठी माणूस मागतात, कारण परीक्षा तोंडावर असते. पण महापालिकेच्या पुष्कळ शाळा सातवी-आठवीला संपतात आणि मुलांची गळती तिथे सुरू होते. दाखला काढला जातो, दुसऱ्या शाळेत नाव घालायचे राहते, मुलगा गॅरेजमध्ये आणि मुलगी घरी. ज्याला या कामात यायचे आहे त्याने जूनमध्ये सातवीत जाणारे मूल घ्यावे. पुढच्या जूनमध्ये जुन्या शाळेतून दाखला निघेल त्या दिवशी त्याच्यासोबत असावे, आणि नव्या शाळेच्या हजेरीपटावर त्याचे नाव चढले की नाही ते स्वतः डोळ्यांनी पाहावे.